दर्शनाच्या परीक्षा

ज्या विषयात हसायचं नाही असं पहिल्याच तासाला बजावलेलं असतं, नेमके त्याच विषयाचे किस्से सगळ्यात जास्त साठतात. मयतीला जाऊन आलेली माणसं बघा. आंघोळ झाली, कपभर चहा पोटात गेला, की एकजण हळूच एक गंमत सांगतो, मग दुसऱ्याला दुसरी आठवते. आमचंही तसंच झालंय. मी, केदार आणि दर्शना, आम्ही तिघांनी नवी मुंबईतल्या एका कॉलेजातून सायकॉलॉजी घेऊन बी.ए. केलं. तिसऱ्या वर्षाला अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजीचा पेपर होता, म्हणजे मनाच्या आजारांचा. त्या एका वर्षात जेवढे किस्से झाले तेवढे पुढे नोकरीत झाले नाहीत, आणि मी एचआरमध्ये आहे!

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लोकांच्या रजा मंजूर आणि नामंजूर करतो. केदार बँकेत चिकटला. दर्शना मात्र अजून शिकतेच आहे. बी.ए. झालं, एम.ए. झालं, मग एक डिप्लोमा, मग दुसरा डिप्लोमा. आम्ही भेटलो की केदार ठरलेला प्रश्न विचारतो, "काय गं, यंदा कुठली परीक्षा?" हे किस्से सांगताना हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

*

आमचे वडील कळंबोलीच्या स्टील मार्केटात, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला होते. मूळ सांगलीकडचे. पोरगं कॉमर्सला जाईल, सीए नाही तर निदान अकाउंटंट होईल, अशी त्यांची साधी अपेक्षा. मी सायकॉलॉजी घेतली. त्या रात्री जेवताना त्यांनी भाकरी जरा जोरात मोडली.

एकदा डबा द्यायला त्यांच्या ऑफिसात गेलो होतो. बाहेर लोखंडाच्या सळ्या उतरवायचं काम चाललेलं, त्या आवाजात वडिलांनी त्यांच्या जुन्या मित्राला, शिंदेकाकांना, माझी ओळख करून दिली. ओरडून म्हणाले की हा आमचा धाकटा, याचं सायकॉलॉजीचं चाललंय. शिंदेकाकांनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कणव आली. माझ्या पाठीवर हात ठेवून वडिलांना म्हणाले, "व्हईल बरा. वय ल्हान हाय अजून."

वडिलांनी दुरुस्ती केली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी चिडून विचारलं, तर म्हणाले की आता कुणाकुणाला समजावत बसू, आणि झालास बरा तर वाईट काय आहे?

*

केदार खारघरचा, टॉवरमध्ये राहणारा, एकुलता एक. वर्गात जो धडा सुरू होईल तो आजार केदारला व्हायचा. चिंतेचे विकार शिकवले, याची छाती धडधडायला लागली. ओसीडी शिकवला, हा तास चालू असताना उठून हात धुऊन आला. नैराश्याच्या धड्याला त्याने डबा खाणं सोडलं, तो आम्ही खाल्ला. स्किझोफ्रेनियाला पोचलो तेव्हा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला की रोज पहाटे त्याला कोणीतरी नावाने हाका मारतं. चौकशी केल्यावर कळलं की ती त्याची आई.

आम्हाला हा पेपर कर्णिक मॅडम शिकवायच्या. बारीक आवाजाच्या, कधी न रागावणाऱ्या. त्यांचा एक नियम होता. वर्गात आजाराचं नाव घ्यायचं नाही. कोणी म्हणालं, "मॅडम, आमच्या शेजारच्या काकूंना डिप्रेशन आहे," तर त्या म्हणायच्या, "नाव नको. काय होतं ते सांग." मग त्या काकू दुपारी अंधार करून बसतात, कुकरची शिट्टी मोजत नाहीत, असं काहीबाही सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता आवाज खाली यायचा. नाव घेताना तसा येत नाही.

केदारलाही त्यांनी तेच विचारलं. काय होतं ते सांग. त्याने सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात बाळंतपणानंतरचं नैराश्य घेतेय. तेवढा आठवडा तू आराम कर."

वर्ग फुटला. दर्शना तेवढी हसली नाही. ती पहिल्या बाकावर बसायची, उरणच्या वाटेवरच्या जासई गावची, आगरी घरातली. तिला कुठलाच आजार कधी झाला नाही. प्रत्येक धडा संपला की ती हात वर करून एकच प्रश्न विचारायची, "मॅडम, हे बरं होतं का?" आम्हाला त्याचा कंटाळा यायला लागला होता. तिने हात वर केला की मागून कोणीतरी हळूच तो प्रश्न आधीच म्हणून टाकायचं. मॅडम मात्र दरवेळी नव्याने उत्तर द्यायच्या, की पुष्कळदा होतं, वेळेवर आणलं तर.

*

लायब्ररीत या विषयाचं एकच जाडजूड पुस्तक होतं. घरी मिळायचं नाही, तिथेच बसून वाचायचं. त्यात प्रत्येक आजाराचे तीन भाग. आधी लक्षणं, मग कारणं, मग उपचार. तर आमच्या आधीच्या कुठल्या तरी बॅचच्या महाभागाने उपचाराची पानं तेवढी ब्लेडने सफाईदारपणे कापून नेली होती. सगळ्या आजारांची! म्हणजे माणूस कसा बिघडतो ते सविस्तर, का बिघडतो ते त्याहून सविस्तर, आणि पुढे एकदम दुसरा माणूस बिघडायला सुरुवात.

आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. वाचायचं तेवढंच कमी झालं. दर्शना मात्र काउंटरवर जाऊन ग्रंथपालांशी भांडली. दुसरी कॉपी मागवा म्हणाली. ते गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांनी आयुष्यभर मार्कांसाठीच वाचणारी मुलं बघितलेली. चष्मा वर करून तिला समजावत म्हणाले, "अगं, कशाला टेन्शन घेतेस? परीक्षेला लक्षणंच येतात."

त्या दिवशी ती कॅन्टीनमध्ये आली नाही. केदार म्हणाला, किती सिरियस मुलगी आहे, हिला कुठला तरी विकार असणार. मीही मान डोलावली. आम्ही कॅन्टीनमधल्या भजीवाल्यापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना एकेक आजार वाटून टाकला होता, त्यात आणखी एक.

*

दिवाळीनंतर आम्हाला एका सरकारी मनोरुग्णालयात भेटीला नेलं. बस ठरवली होती. मॅडमनी आदल्या दिवशी सूचना दिल्या की साधे कपडे घाला, फोन काढू नका, हसू नका. हसू नका हे सांगायची गरज नव्हती. गेटातून आत गेल्यावर केदारसुद्धा स्वतःचे सगळे आजार विसरला.

बायकांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात एक आजी पिशवी घेऊन बसल्या होत्या. केस विंचरलेले, पिशवीत घडी केलेलं लुगडं, वर एक कंगवा. आम्ही दिसताच उठल्या आणि सिस्टरना म्हणाल्या, "आज बस लवकर आली." मग सरळ येऊन त्यांनी दर्शनाचा हात धरला आणि चल म्हणाल्या.

सिस्टरनी नंतर सांगितलं की आजी कधीच्याच बऱ्या झाल्यात. घरच्यांचा पत्ता आहे, पत्रं गेलीत, न्यायला कोणी येत नाही. कुठल्याही कॉलेजची बस आली की त्या पिशवी भरतात. आम्ही निघेपर्यंत त्यांनी दर्शनाचा हात सोडला नाही, आणि दर्शनानेही तो सोडवून घेतला नाही. शेवटी सिस्टरनी एकेक बोट उचलून सोडवला.

परतीच्या वाटेवर बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत. दर्शना माझ्या शेजारी खिडकीत होती. पाम बीचच्या रस्त्याला लागल्यावर तिने मला विचारलं की त्या आजीला पहिल्यांदा आणून सोडलं तेव्हा घरच्यांनी तिला काय सांगितलं असेल? मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, "लग्नाला जायचंय, असंच सांगितलं असंल. चांगलं लुगडं होतं पिशवीत."

*

जानेवारीत रोलप्ले झाले. एकाने समुपदेशक व्हायचं, एकाने पेशंट. चिठ्ठ्या काढल्या. केदारला समुपदेशक आलं, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तो बरा होता. दर्शनाला पेशंट. बघायला दुसऱ्या कॉलेजचे एक सर पाहुणे म्हणून आले होते.

बाकीच्यांनी जी काय नाटकं केली ती सिनेमात असतात तशी होती. केस मोकळे सोडणं, भिंतीशी बोलणं, एकीने तर पेन फेकून मारलं. दर्शना नुसती खुर्चीत बसली. पदर नव्हता, पण ओढणी पदरासारखी घेतली. केदारने पुस्तकातला प्रश्न विचारला की तुम्हाला काय त्रास होतो. तर ती अगदी साध्या आवाजात, घरच्या बोलीत म्हणाली की आमच्या घरामागं कंटेनरचं यार्ड हाय. पयले तिथं आमची शेती होती. आता डबे रचून ठेवलेत. त्या डब्यांत मानसं हायत. दुपारी ठोकतात आतून. मी जाऊन वॉचमनला सांगतंय, बाबा, दार उघर, आतली मानसं मरतील. तो हसतो. कोनीच उघरत नाय. तुमी सांगाल का त्याला?

केदारच्या कागदावर पुढचा प्रश्न होता, झोप कशी लागते. तो त्याने विचारला नाही. त्याने नुसतं, "सांगतो," म्हटलं.

टाळ्या पडल्या. पाहुण्या सरांनी मत दिलं की अभिनय चांगला आहे, पण जरा जास्त झाला, खरा पेशंट इतकं सरळ बोलत नाही. दहापैकी चार मार्क दिले! पेन फेकणारीला आठ.

कर्णिक मॅडमनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तास संपल्यावर त्या दर्शनाच्या बाकापाशी आल्या. आम्ही दोघं दप्तरं भरत होतो. मॅडमनी विचारलं, "कधीपासून?"

"यार्ड झालं तेव्हापासून," दर्शना म्हणाली. "आई हाय माझी."

आम्ही दप्तरं भरायची थांबवली. मग तिने सगळं सांगितलं. घरी डॉक्टरचं नाव काढलेलं चालत नाही. भगत झाला, अंगारे झाले, दर अमावास्येला नारळ झाला. मोठ्या भावाचं लग्न ठरत होतं, आई वेडी आहे हे सोयरिकीत कळलं तर मोडेल, म्हणून वडिलांनी शब्द घेतलेला की लग्नापर्यंत कोणी काही बोलायचं नाही. आणि त्यातच काकांनी एक सुचवलं होतं. लांब कुठे एक आश्रम आहे, लग्न उरकेपर्यंत वहिनीला तिथे ठेवू. वडील अजून हो म्हणाले नव्हते. पण नाहीही म्हणाले नव्हते.

*

आता यातून जो मार्ग निघाला तो सायकॉलॉजीच्या पोरांनाच सुचू शकतो.

आमच्या प्रॅक्टिकलला 'सब्जेक्ट' लागायचा. म्हणजे ज्याच्यावर चाचणी करायची तो जिवंत माणूस. तो मिळवणं महाकठीण काम. केदारच्या सोसायटीतली माणसं त्याला बघून लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागली होती. तर एका दुपारी हेच सब्जेक्टचं रडगाणं तो गात होता आणि दर्शना मध्येच म्हणाली की माझे बाबा डॉक्टरकडे आईला मेले तरी नेणार नाहीत, पण परीक्षेला नेतील.

तिचं म्हणणं खरं होतं. तिच्या वडिलांना गावात शेठ म्हणत. दोन ट्रेलर, भाड्याच्या खोल्यांची चाळ, आणि स्वतः सातवी नापास. घरातली पहिली पदवी दर्शनाची होणार म्हणून त्यांना कोण अभिमान. परीक्षेच्या दिवसांत ते घरात मोठ्याने खोकत नसत.

मॅडमना हे पटायला आठवडा गेला. शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या. एक, तपासणारी डॉक्टर खरी हवी. मॅडमच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, मनोविकारांच्या, त्या कॉलेजात यायला तयार झाल्या. दोन, आईला खरं सांगायचं. बाकी कोणाला सांगा न सांगा, पण जिचं दुखतंय तिला फसवायचं नाही. दर्शनाने आईला सांगितलं. आई म्हणाली की डाक्टर तर डाक्टर, तिला तरी ऐकू येतं का बघू.

मी दर्शनाचा प्रॅक्टिकलमधला जोडीदार, म्हणून शेठची परवानगी काढायला तिच्या घरी गेलो. तीन मजली घर, खाली ग्रॅनाइट, हॉलमध्ये एवढा मोठा टीव्ही. टीव्ही मोठ्याने चालू होता आणि कोणीच बघत नव्हतं. यार्डाच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या विटा लावून बुजवलेल्या, तिकडच्या प्रत्येक खोलीत एसी. मी बघतोय हे शेठच्या लक्षात आलं. "धुरला येतो तिकरशी," म्हणाले. मी प्रॅक्टिकलचं सांगितलं. सब्जेक्ट घरचाच, बाईमाणूस आणि पन्नाशीच्या आसपासचा लागतो, असं खोटं दडपून सांगितलं. त्यांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. मग त्यांनी विचारलं, "नाय आनली तं मार्क जातील?"

मी म्हटलं, नापासच.

ठरलेल्या दिवशी शेठ स्वतः गाडी चालवत आले. आईला लग्नाला निघावं तशी नटवलेली. हिरवी साडी, गळ्यात सगळं सोनं, केसात भला मोठा गजरा. ती साडी बघून दर्शनाचा चेहरा पांढरा का पडला, ते मला कळलं. मला मनोरुग्णालयातली पिशवी आठवली. तिलाही तीच आठवली असणार.

सायकॉलॉजीच्या लॅबमध्ये डॉक्टरीणबाई तासभर बोलल्या. आम्ही बाहेर. शेठ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते, बाळंतपणाला घालतात तशा. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. शेठ पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "किती मार्क परले?"

त्या बाईंनी क्षणभर मॅडमकडे बघितलं. मग म्हणाल्या की चांगले पडलेत, पण परीक्षा एका दिवसात होत नाही, दर महिन्याला यावं लागेल. आणि सब्जेक्टला अशक्तपणा आहे, या गोळ्या न चुकता द्यायच्या.

*

गोळ्या लागू पडल्या. उन्हाळा संपेपर्यंत आई पुन्हा स्वयंपाकघरात आली. ठोकणं थांबलं नाही, पण लांब गेलं, असं ती दर्शनाला म्हणाली. आश्रमाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. निकाल लागला तेव्हा शेठनी जासईच्या नाक्यावर बॅनर लावला. काळा कोट आणि टोपी घातलेली दर्शना, खाली शुभेच्छुक म्हणून गोल गोल फोटोंत सगळी भावकी. काका, चुलत भाऊ, ट्रेलरचे ड्रायव्हरसुद्धा. आईचा फोटो तेवढा नव्हता. केदारने विचारलंच. दर्शना म्हणाली, "बॅनरवर सोयरे बघतात ना."

तेव्हा आम्हाला वाटलं होतं की भावाचं लग्न झालं की संपेल ही लपवाछपवी. लग्न झालं. जोरात हळद झाली, डीजे झाला. मग दर्शनाने वडिलांपाशी डॉक्टरचा विषय काढला. ते म्हणाले, सून नवी आहे, इतक्यात नको. वर्षाने म्हणाले, नातवाचं बारसं होऊन जाऊ दे. मग धाकट्या काकांच्या मुलीचं बघायला लागले. आमच्याकडे लग्नं संपत नाहीत, त्याला इलाज नाही.

मग दर्शनाने परीक्षा संपवल्या नाहीत. एम.ए.ला नाव घातलं, कारण एम.ए.लाही प्रॅक्टिकल असतं. एम.ए. झालं तशी डिप्लोमाला बसली. तिला चांगल्या नोकऱ्या आल्या होत्या, एक तर माझ्याच कंपनीत होती. गावात लोक बोलायला लागले की शेठची पोरगी लग्नाची राहिली, किती शिकणार. माझ्या आईने तिच्यासाठी एक स्थळ सुचवलं होतं, तिने तेही टाळलं. दर महिन्याला शेठ गाडी काढायचे. डॉक्टरीणबाईंचं क्लिनिक एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, खाली कसलेसे क्लासेस. शेठ क्लासच्या बोर्डाखाली गाडी लावून आत बसून राहायचे. जिना कधी चढले नाहीत.

केदार एकदा वैतागून तिला म्हणाला की किती वर्षं फसवणार आहेस त्यांना? दर्शना म्हणाली की आई बरी आहे ना, मग मी आयुष्यभर परीक्षा देत राहीन. मला तिचा राग येतो कधीकधी, आणि त्या रागात अर्धीअधिक भीती असते की ही एक दिवस थकली तर काय.

*

आता शेवटचा. हा गेल्या महिन्यातला आहे.

दर्शनाला डेंग्यू झाला. हॉस्पिटलात ठेवलं होतं. बोलायचंही त्राण नाही. आईच्या क्लिनिकची तारीख त्याच आठवड्यात होती, गोळ्या संपत आल्या होत्या. तिने मला फोन करून सांगितलं की काहीतरी कारण काढ आणि बाबांना गाडी काढायला लाव. मी कारण जुळवत बसलो. दुसऱ्या दिवशी जासईला फोन केला, तर सून म्हणाली, ते दोघं सकाळीच गेलेत.

पुढचं दर्शनाला क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, आणि दर्शनाने आम्हाला, सलाइन लावलेल्या हाताने डोळे पुसत.

शेठ त्या दिवशी पहिल्यांदा जिना चढले. बायकोला हाताला धरून वर आणलं. दाराबाहेर चपला काढल्या. आत भिंतीवर डॉक्टरीणबाईंच्या नावाचा बोर्ड आहे, खाली त्या कशाच्या डॉक्टर आहेत ते मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलंय. त्यासमोर ते थोडा वेळ उभे राहिले. मग काउंटरपाशी आले.

"दर्शनाची परीक्षा हाय आज," ते म्हणाले. "ती आजारी हाय, नाय येवाची. हिची घ्या."

मुलीने नाव लिहिलं आणि आईला आत पाठवलं. शेठना बसा म्हणाली. ते बसले नाहीत. काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून तिथेच उभे राहिले. पाणी हवंय का, तिने विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग बंद दाराकडे बघत, तिला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आनि टाइम असंल तं... माझी पन घ्या."